जुनी एमजीबी : टायमिंग चेनचे ठिपके जुळले, मग गाडी चढावर दम का टाकते?

उपवनकर (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६९ची एमजीबी आहे, एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, टप उघडणारी. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. गाडी बाबांची. ते गेल्यावर चार वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी मनावर घेतलं आणि इंजिन उतरवून बांधून घेतलं. रिंगा नव्या, बेअरिंग नवी, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे, टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) दोन्ही स्प्रॉकेटसकट, म्हणजे दातेरी चाकांसकट, नवी.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आवाज गोड आहे, धूर नाही. पण तीन हजार आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नाही. माजिवड्याचा पूल तिसऱ्यात चढत नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रकांच्या मागे सरळ दुसरा टाकावा लागतो. साडेतीन हजारांच्या पुढे गेली की मात्र अशी सुटते की हसू येतं.

ही गाडी अशी नव्हती. बाबा चौथ्यात चाळीस-पंचेचाळीसच्या वेगावर असताना नुसता पाय दाबायचे आणि ती न कुरकुरता खेचायची. मी शेजारच्या सीटवर बसून ते शेकडो वेळा पाहिलंय, त्यामुळे हा माझा भास नाही.

आतापर्यंत केलेलं : प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे. इग्निशन टायमिंग स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकता दिवा) लावून पुस्तकाप्रमाणे. दोन्ही कार्ब्युरेटर बॅलन्स केले. टॅपेटची फट थंड इंजिनावर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १२८ ते १३२ पौंड.

ज्यांनी इंजिन बांधलं ते म्हणतात, चेन बसवताना दोन्ही स्प्रॉकेटचे ठिपके समोरासमोर होते. फोटोही दाखवला. ठिपके खरंच समोरासमोर आहेत.

माझा प्रश्न एवढाच : ठिपके जुळले म्हणजे कॅम टायमिंग बरोबर, असं धरायचं का? आणि नसेल तर ते मोजायचं कसं, हलवायचं कसं?

---

मिसळप्रेमी (शनिवार, रात्री १०:५२)

एमजीबी आणि ठाण्यात! फोटो टाका आधी. बाकीचं जाणकार बघतील.

---

सानपाडा_एक्सप्रेस (शनिवार, रात्री ११:१५)

डिस्ट्रिब्युटर दोन-चार अंश पुढे फिरवा. पिकअप लगेच येतो. माझ्या पद्मिनीला आयुष्यभर हाच उपाय केला. टायमिंग टायमिंग म्हणतात ते हेच.

---

तेलकट_हात (शनिवार, रात्री ११:४०)

सानपाडा दादा, दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि तिथेच घोळ होतो. तुम्ही म्हणताय ते इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. उपवनकर विचारताहेत ते कॅम टायमिंग, म्हणजे वॉल्व कधी उघडतात आणि कधी मिटतात ते. डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी वॉल्वला त्याचा पत्ता लागत नाही.

धागाकर्त्यांनी दिलेली लक्षणं मला फार बोलकी वाटतात. खाली दम नाही, वर मस्त, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी. एखादा वॉल्व गळत असता तर एकच सिलिंडर कमी दाखवला असता. चौघंही एका सुरात कमी दाखवतात तेव्हा चौघांना मिळून एकच काहीतरी नडतंय. नव्या बांधलेल्या इंजिनात रिंगा अजून बसल्या नसतील हे एक कारण असू शकतं, पण माझा संशय कॅमवर. कॅम मागे पडलाय.

---

नवशिका_नेरुळ (रविवार, सकाळी ७:०५)

कॅम मागे पडला म्हणजे काय? आणि त्याने फक्त खालचाच दम का जातो? मला गाड्या आवडतात पण इंजिनातलं फार कळत नाही, सोप्या शब्दांत सांगाल का कुणी?

---

तेलकट_हात (रविवार, सकाळी ८:३०)

नवशिका, चांगला प्रश्न.

पिस्टन खाली जातो तेव्हा इनलेट वॉल्व उघडा असतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी इनलेट लगेच मिटत नाही. एमजीबीच्या पुस्तकात इनलेट मिटण्याचा आकडा आहे तळानंतर ५६ अंश. म्हणजे पिस्टन बराच वर आला तरी दार उघडंच. इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा येणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, ते पिस्टनला न जुमानता आत घुसत राहतं, म्हणून हे उशिरा मिटणं फायद्याचं.

पण इंजिन सावकाश फिरत असताना त्या मिश्रणात तेवढा रेटा नसतो. पिस्टन वर येताना आत आलेला माल त्याच उघड्या दारातून परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॅम आणखी सहा अंश मागे पडला तर दार ५६ऐवजी ६२ला मिटणार. तेवढा माल जास्त परत गेला, दाबायला कमी उरला, कॉम्प्रेशन गेजवर आकडा घसरला, आणि माजिवड्याच्या पुलावर दुसरा टाकावा लागला.

कॅम पुढे घेतला की उलट. खालचा जोर वाढतो, अगदी वरचा थोडा कमी होतो.

---

पारसिक_हिल (रविवार, सकाळी ९:५०)

हेडचं फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं, केलंय का? हेड घासलं की कॅम मागे पडतो, हे मी स्वतः भोगलंय. माझ्याकडे जुनी जॅग्वार आहे, एक्सके इंजिन, डोक्यावर दोन कॅम. हेड घासलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, चेनची ढिली बाजू टेन्शनर खेचून घेतो आणि कॅम मागे फिरतो. आमच्याकडे मात्र जॅग्वारने सोय करून ठेवलीय : स्प्रॉकेटच्या आत बारीक दात्यांची एक प्लेट असते, ती बाहेर ओढून कॅम हवा तेवढा सरकवायचा. कॅमच्या खाचेत गेज बसला की झालं. बोल्टची भोकं जुळली नाहीत तर प्लेट अर्धा फेरा फिरवून लावायची, मग जुळतात.

एक मात्र करू नका : चेन सुटलेली असताना एकच कॅम फिरवू नका. एक्सकेमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व एकमेकांवर आदळतात.

---

तेलकट_हात (रविवार, सकाळी १०:२०)

पारसिक साहेब, जॅग्वारबद्दल शंभर टक्के सहमत. पण एमजीबीला ते लागू नाही. तिचा कॅम डोक्यावर नाही, ब्लॉकमध्ये आहे. तिथून पुश रॉड वर येतात आणि रॉकर, म्हणजे वॉल्व दाबणारे छोटे दांडे, हलवतात. हेड कितीही घासलं तरी कॅम आणि क्रँकमधलं अंतर बदलत नाही. पुश रॉड आणि रॉकरची बैठक बदलेल, पण टायमिंग नाही.

जॅग्वारसारखी सोयही एमजीबीत नाही. स्प्रॉकेट कॅमवर एका अर्धचंद्राकृती चावीवर (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसतं. जशी चावी, तसं टायमिंग.

---

पारसिक_हिल (रविवार, सकाळी १०:२४)

बरोबर. पुश रॉडचं डोक्यातच आलं नाही. शब्द मागे घेतो, प्रतिसाद तसाच राहू दे, दोन कॅमवाल्यांच्या उपयोगी पडेल.

---

अँबीवाले_काका (रविवार, दुपारी १:१०)

उपवनकर, तुमचं इंजिन वाचून मला आमच्या दारातली अँबॅसडर आठवली. १९५९पासून अँबॅसडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं ते आणि तुमचं १७९८ हे सख्खे भाऊ आहेत. दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचे. फायरिंग ऑर्डरही तीच, १-३-४-२. तेव्हा घाबरू नका. या इंजिनाला हात लावलेले लोक कळव्यापासून कल्याणपर्यंत अजून आहेत, फक्त त्यांना एमजी म्हटलं की कळत नाही, अँबॅसडरचं मोठं इंजिन म्हटलं की कळतं.

आता तुमचा प्रश्न. ठिपके कशासाठी असतात? चेन एक दात इकडेतिकडे बसू नये म्हणून. एक दात चुकला तर क्रँकवर पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, गाडी धड सुरूही होणार नाही. तुमचा दात चुकलेला नाही. पण ठिपका म्हणजे पंचने मारलेली खूण. तिच्यावरून पाच-सहा अंश कुठे समजणार आहेत!

मी पूर्वी काय करायचो ते सांगतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणायचा, पण कॉम्प्रेशनचा नाही, एक्झॉस्ट मिटताना आणि इनलेट उघडताना जो येतो तो. त्या वेळी दोन्ही वॉल्व थोडे थोडे उघडे असतात. पुस्तकात एमजीबीचा इनलेट वरच्या बिंदूच्या १६ अंश आधी उघडतो, एक्झॉस्ट २१ अंश नंतर मिटतो. म्हणजे त्या क्षणी एक्झॉस्ट इनलेटपेक्षा जरासाच जास्त उघडा हवा. रॉकरवर बोट ठेवून बघा. इनलेट जेमतेम उघडलाय आणि एक्झॉस्ट चांगला उघडा दिसतोय, तर कॅम मागे आहे. पाच मिनिटांचं काम.

---

सानपाडा_एक्सप्रेस (रविवार, दुपारी १:३०)

काका, दंडवत. हे रॉकरचं मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

---

नौपाड्याची_निशा (रविवार, संध्याकाळी ६:४५)

काकांची पद्धत संशय पक्का करायला उत्तम आहे, पण किती अंश हे ती सांगणार नाही. मी महापेला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते, दिवसभर डायल गेजच (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण) हातात असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खरा टीडीसी शोधा, म्हणजे पिस्टनचा सर्वात वरचा बिंदू. पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. वरच्या टोकाला क्रँक दोन-चार अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून डोळ्याने किंवा प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून तो बिंदू सापडत नाही. त्यासाठी पिस्टन अडवायचा. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट काढून टाका, त्यात एक गोल टोकाचा बोल्ट बसवा, तो पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी लावा. चारही प्लग काढलेले हवेत. क्रँकवर अंशांची चकती, ब्लॉकवर तारेचा काटा. आता हाताने, अगदी हळू, क्रँक फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की चकती वाचा. मग उलट दिशेने फिरवून टेकवा, परत वाचा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. समजा एकीकडे ३१ आणि दुसरीकडे २७ आले, तर काटा दोन अंशांनी चुकलाय, तो वाकवून दोन्हीकडे २९ येईल असा करा. मग अडवणारा बोल्ट न विसरता काढा.

आता कॅम. इनलेट कधी उघडतो तो क्षण पकडायला जाऊ नका. कॅमची चढण सुरुवातीला इतकी सपाट असते की डायलचा काटा हलला की नाही यावर वाद होतील. त्यापेक्षा वॉल्व पूर्ण उघडण्याचा मध्यबिंदू शोधा. तो पुस्तकातल्या आकड्यांवरून काढता येतो : १६ अधिक १८० अधिक ५६ म्हणजे २५२. त्याचं निम्मं १२६. त्यातून १६ वजा केले की ११०. म्हणजे मूळ कॅम असेल तर इनलेट टीडीसीनंतर ११० अंशांवर पूर्ण उघडला पाहिजे. तुमच्या नव्या कॅमसोबत कार्ड आलं असेल तर त्यावरचा आकडा खरा, पुस्तकातला नाही.

डायल गेजचं टोक पहिल्या इनलेटच्या स्प्रिंगच्या टोपीवर, वॉल्वच्या रेषेत सरळ लावा. तिरका लावला तर आकडा खोटा येतो. क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवत वॉल्व पूर्ण उघडा, डायल शून्य करा. मग थोडं मागे जा, परत पुढे येत शून्याच्या १ मि.मी. अलीकडे थांबा, चकती वाचा. तसंच पुढे जात शून्य ओलांडून १ मि.मी. पलीकडे थांबा, वाचा. दोन्हींची सरासरी हा तुमचा मध्य.

एक पथ्य पाळा : वाचन घेताना क्रँक एकाच दिशेने, पुढेच यायला हवा. चुकून पुढे गेलात तर एक-दोन अंश मागे घेऊन वाचू नका. चांगलं पाव फेरा मागे जा आणि परत पुढे या. नाहीतर चेनचा ढिलेपणा तुमच्या आकड्यात शिरतो. आणि तीनदा मोजा. तीनदा तेच आलं तरच लिहून ठेवा.

---

नवशिका_नेरुळ (रविवार, संध्याकाळी ७:००)

वाचनखूण साठवली. निशाताई, हे इतकं नीट कुणी शिकवत नाही.

---

मिसळप्रेमी (रविवार, रात्री ८:१५)

थोडं अवांतर : गाडी पन्नास वर्षांवरची आहे, मग २०२१च्या नियमाप्रमाणे विंटेज नोंदणी केलीत का? मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेतला नंबर मिळतो.

---

उपवनकर (रविवार, रात्री ९:३०)

मिसळप्रेमी, मुद्दाम केली नाही. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच. मला ती चालवायची आहे. बाबांनी ती नेहमी चालवली.

निशाताई, काका, तेलकट दादा, मनापासून आभार. काकांचं रॉकरवालं लगेच करून पाहिलं. इनलेट जेमतेम हललेला, एक्झॉस्ट चांगलाच उघडा. कॅमसोबतचं कार्डही सापडलं, त्यावर ११०च लिहिलंय. पुढच्या रविवारी मोजतो.

---

उपवनकर (पुढचा रविवार, रात्री ८:५०)

मोजलं.

डायल गेज आणि चुंबकी स्टँड मुंबईच्या नागदेवी बाजारातून आणला. अंशांची चकती छापून सनबोर्डवर चिकटवली. मोठी लावायची होती, पण एमजीबीत क्रँकच्या पुलीसमोर स्टिअरिंग रॅक येतो, म्हणून सात इंचीच बसली. रॅडिएटर काढावा लागला. काटा सायकलच्या स्पोकचा, टोक कानशीने घासून सुईसारखं केलं.

टीडीसीला दोन्हीकडचे आकडे ३३ आणि २८ आले. काटा वाकवून साडेतीसला आणला. मुलगी चकतीजवळ बसून आकडे वाचत होती, मी पाना धरला होता. ती म्हणाली, बाबा, रेघेवर नाही, रेघेच्या जरा अलीकडे. मग तेवढं सरकवायचं. एका वेळी केसाएवढं.

इनलेट : पहिलं वाचन ८९, दुसरं १४३. सरासरी ११६. तीनदा केलं. ११६, ११६, ११५.५.

म्हणजे सहा अंश मागे. ठिपके मात्र आजही समोरासमोर आहेत, मी परत पाहिले.

---

तेलकट_हात (रविवार, रात्री ९:०५)

हे बघा! लक्षणं खोटं बोलत नाहीत.

---

नौपाड्याची_निशा (रविवार, रात्री ९:२०)

नव्या भागांत सहा अंश कसे, असं वाटेल. कॅमची खाच किंचित इकडे, स्प्रॉकेटची खाच किंचित तिकडे, क्रँकच्या खाचेची तिसरीच तऱ्हा. प्रत्येक चूक एकटी बघितली तर चालण्यासारखी, पण सगळ्या एकाच दिशेला आल्या की त्यांची बेरीज होते. ज्यांनी बसवलं त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी जुळवलं, पण मोजलं नाही.

---

पारसिक_हिल (रविवार, रात्री ९:४५)

आता किती पुढे घेणार? या इंजिनावर काम करणारे बरेच जण मूळ ११०पेक्षाही पुढे, १०६-१०७ला ठेवतात. ठाण्याच्या रहदारीत खालचा जोरच कामाला येतो. दहा अंशांची चावी लावा आणि १०६ला ठेवा.

---

अँबीवाले_काका (रविवार, रात्री १०:१०)

पारसिक साहेब, मी असहमत. आधी गाडी जशी होती तशी करू द्या. ११०ला आणा, महिनाभर चालवा, मग काय ते ठरवा. एकदम दोन बदल केले की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

---

उपवनकर (रविवार, रात्री १०:३०)

काकांचं पटलं. बाबांची गाडी ११०वर होती, मलाही तीच हवी. प्रश्न चावीचा. सहा अंशांची सरकवलेली चावी इंग्लंडहून मागवायची तर वेळ जाईल. वागळे इस्टेटमध्ये करून मिळेल का?

---

तेलकट_हात (रविवार, रात्री ११:००)

मिळेल, पण माप नीट द्या. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकचे ६ अंश म्हणजे कॅमचे ३. शाफ्टची त्रिज्या समजा ११ मि.मी. असेल तर ३ अंशांना सरकवायचं अंतर येतं साधारण ०.५८ मि.मी. तुमचा शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा आणि हिशेब परत करा. चावीचा खालचा अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत, वरचा भाग तेवढा एका बाजूला सरकलेला. साध्या माइल्ड स्टीलची करू नका, चावीचंच पोलाद घ्या. पायरीच्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवायला सांगा, धारदार कोपरा तिथेच तडकतो.

---

अँबीवाले_काका (रविवार, रात्री ११:१५)

आणि चावी कुठल्या तोंडाने बसते ते दोनदा बघा. ती उलटीही बसते, आणि उलटी बसली तरी अगदी सुलटी असल्यासारखी दिसते.

---

उपवनकर (शनिवार, रात्री ११:२०)

काकांनी दोनदा बघायला सांगितलं होतं. मी एकदाच पाहिलं.

वागळेत एका छोट्या मिलिंगवाल्याने चावी दोन दिवसांत करून दिली. काम सुंदर. आज सकाळी स्टिअरिंग रॅकचे बोल्ट सैल करून रॅक पुढे सरकवला, पुली काढली, टायमिंग कव्हर उघडलं. टेन्शनर मागे घेऊन अडकवला, कॅमच्या नटाच्या लॉक वॉशरचा कान सरळ केला, स्प्रॉकेटं चेनसकट बाहेर. नवी चावी बसवली, ठिपके जुळवले, परत आत. दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी धरून एका पातळीत आहेत ना तेही पाहिलं.

कव्हर बंद करण्याआधी परत मोजलं. डायल, चकती, मुलगी, सगळं तसंच.

१२२.

दोन मिनिटं काही सुचेना. परत मोजलं, १२२. मग कागदावर काढून पाहिलं. कॅम ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेने चावीचा शाफ्टमधला भाग पुढे असायला हवा आणि स्प्रॉकेटमधला मागे. माझी उलटी बसली होती. सहा पुढे जायच्या ऐवजी सहा आणखी मागे.

परत काढली, फिरवली, बसवली. ११०. दुसऱ्यांदा ११०, तिसऱ्यांदा ११०. नवा लॉक वॉशर घातला, कान वळवला, टेन्शनर सोडला, कव्हर लावलं. उद्या सुरू करतो.

---

नौपाड्याची_निशा (शनिवार, रात्री ११:३५)

कव्हर लावण्याआधी मोजलंत, तिथेच काम झालं. आमच्याकडे याच पायरीवर लोक घाई करतात.

---

तेलकट_हात (शनिवार, रात्री ११:५०)

सुरू करायच्या आधी एक महत्त्वाचं : डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो. कॅम सहा अंश पुढे गेला म्हणजे इग्निशनही सहा अंश पुढे गेलं. तसंच चालवलंत तर चढावर नॉकिंग होईल (इंजिन आतून ठोके देईल) आणि पिस्टनची वाट लागेल. स्ट्रोब लावून परत पुस्तकाप्रमाणे आणा. पुलीच्या खुणेपेक्षा तुम्ही शोधलेला खरा टीडीसी वापरा.

---

अँबीवाले_काका (रविवार, सकाळी ६:१०)

आणि कॅम नवा आहे, टॅपेट नवे आहेत. इंजिन बांधल्यावर पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या वर चालवलं होतं का? आयडलवर ठेवलं तर कॅमवर तेल नीट उडत नाही आणि लोब (कॅमचा उंचवटा) खरवडला जातो.

---

उपवनकर (रविवार, सकाळी ६:४०)

हो काका, तेव्हाच केलं होतं. सोसायटीतले दोघं खाली आले होते. त्यांना समजावून सांगितलं तर एकजण शेवटपर्यंत थांबून ऐकत उभे राहिले.

---

उपवनकर (रविवार, दुपारी १२:१५)

स्ट्रोब लावला. तेलकट दादा म्हणाले तस्सं, बरोबर सहा अंश पुढे. मागे आणलं.

कॉम्प्रेशन : १४४, १४२, १४५, १४३.

पहाटेची मोकळी वेळ गेली होती, तरी घोडबंदर रोडला निघालो. माजिवड्याचा पूल तिसऱ्यात, पाय अर्धाच दाबलेला. कासारवडवलीच्या पुढे रस्ता थोडा मोकळा मिळाला तेव्हा चौथा टाकला, वेग पंचेचाळीसवर येऊ दिला आणि पाय दाबला. खेचली. कुरकुर नाही, झटका नाही. गायमुखचा चढ तिसऱ्यात, पुढे ट्रक होता तरी.

मुलगी शेजारी होती. मी बसायचो त्याच सीटवर.

---

सानपाडा_एक्सप्रेस (रविवार, दुपारी १२:३०)

वा! म्हणजे माझा डिस्ट्रिब्युटर फिरवायचा सल्ला शेवटी खरा ठरला, फक्त उलट्या दिशेने. :) फार आनंद झाला उपवनकर.

---

पारसिक_हिल (रविवार, दुपारी १:००)

अभिनंदन. वरचा जोर कमी झाला का? पाच हजारांच्या आसपास?

---

उपवनकर (रविवार, दुपारी १:२०)

पारसिक साहेब, तिथपर्यंत नेलीच नाही आज. साडेचार हजारांपर्यंत मला फरक जाणवला नाही. महिनाभर चालवून लिहितो, मग १०६चं बघू.

---

अँबीवाले_काका (रविवार, दुपारी २:०५)

पुढच्या रविवारी सकाळी सहाला उपवन तलावाशी घेऊन या. मी अँबॅसडर घेऊन येतो. दोघांची बोनेटं उघडून शेजारी ठेवू, मग नवशिकाला भाऊ भाऊ म्हणजे काय ते दिसेल. येताना पंधरा थाऊची फीलर पट्टी आणा. आवाज न ऐकताच सांगतो, तुमच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक टॅपेट ढिला असणार, या इंजिनांत नेहमी तोच असतो.

---

नवशिका_नेरुळ (रविवार, दुपारी २:१०)

काका, मी साडेपाचला येऊन थांबतो.